यमुना आणि यमू: शरीर, लाज व पावित्र्य यांविषयीं अभ्यासपाठ

(तरुण मुलामुलींच्या वाचनवर्गाकरितां)



आपल्या वऱ्हाडांत मुलगी दहाबारा वर्षांची झाली कीं, कोणी मुद्दाम न शिकवितां तिला कांहीं गोष्टी कळूं लागतात. आपलें शरीर आपलें एकटीचें नाहीं. तें घराण्याची अब्रू ठेवण्याचें मडकें आहे, आणि त्यास तडा गेला तर सर्वांचें नांव जाईल, हें ती घरच्या बोलण्यावरून व शेजारणीच्या नजरेवरून समजते. महिन्याचे दिवस आले कीं "कावळा शिवला" म्हणून ती बाजूस बसते. तिचा रंग सांवळा असला तर सोयरीक घेऊन आलेल्या पाहुण्यांसमोर ती मान खालीं घालते. गांवांत एखाद्या मुलाचा व मुलीचा बोभाटा झाला, तर मुलाचें नांव लोक चार दिवसांत विसरतात. मुलीचें नांव जन्मभर लोकांच्या तोंडीं राहतें. अमरावती-अकोल्याकडील आपल्या मंडळ्या या रीतींपासून पूर्णपणें सुटल्या आहेत, असें कोणास म्हणतां येईल काय?

या विषयावर सभेंत उघड बोलणें कठीण आहे. मुलगी स्वतःविषयीं बोलणार नाहीं, आणि तिला तसें बोलावयास लावणें हा तिच्यावर जुलूमच होईल. परंतु कथेंतल्या मुलीविषयीं ती बोलेल. कादंबरीचा हा मोठा उपयोग आहे कीं, ती आपलें दुःख दुसऱ्याच्या नांवानें आपल्यापुढें ठेवते. मराठी भाषेंत तर हा प्रश्न कादंबरीच्या जन्माबरोबरच विचारला गेला. या पाठांत आपण दोन कादंबऱ्या, आपल्या वऱ्हाडांतील एका बाईचा निबंध, आणि शुभवर्तमानांतील एक प्रसंग असा क्रम घेऊं. मुख्य मुद्दा एकच ध्यानांत ठेवावा: पावित्र्य केंसांत, रक्तांत, रंगांत किंवा शरीराच्या कोणत्याही खुणेंत नसतें. तें मनुष्याच्या इच्छेंत व वागणुकींत असतें. आणि म्हणून त्याचा नियम पुरुषास व स्त्रीस एकच आहे.

१. पहिली यमुना

बाबा पदमनजी यांचें "यमुनापर्यटन" हें पुस्तक १८५७ सालीं प्रसिद्ध झालें. पुष्कळ अभ्यासक हीच मराठींतील पहिली कादंबरी मानतात. पदमनजींचा जन्म १८३१ सालीं बेळगांवास झाला. १८५४ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. १९०६ सालीं ते वारले. हें पुस्तक निघण्याच्या आदल्याच वर्षीं, म्हणजे १८५६ सालीं, हिंदु विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा झाला होता. परंतु कायदा पुस्तकांत आला म्हणून घरची रीत बदलली नव्हती. ती रीत लोकांच्या डोळ्यांसमोर उभी करावी, हा या कादंबरीचा हेतु होता. "हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचें निरूपण" असें तिचें दुसरें नांवच आहे.

यमुना ही शिकलेली तरुणी आपल्या पतीबरोबर प्रवास करते. ठिकठिकाणीं तिला विधवा भेटतात, आणि प्रत्येकीची कर्मकथा ती कान देऊन ऐकते. पुढें तिच्यावरही तोच प्रसंग येतो. पति मरण पावतो व ती स्वतः विधवा होते. शेवटीं ती ख्रिस्ती होते व तिचा पुन्हां विवाह होतो.

वर्गांत दोन गोष्टी दाखवाव्या. पहिली ही कीं, या मुलीला लेखकानें प्रवासास नेलें. जिला उंबरठा हीच वेस, ती बाहेर पडली, आणि जें आपल्या घरापुरतें नशीब वाटत होतें तें सर्व देशाची रीत आहे असें तिनें पाहिलें. "माझ्याच कपाळीं हें कां?" असें म्हणणारी मुलगी, दहा जणींच्या कपाळीं तेंच लिहिलेलें पाहते, तेव्हां लिहिणारा हात मनुष्याचा आहे हें तिच्या लक्षांत येतें.

दुसरी गोष्ट आपल्यास जरा बोंचणारी आहे. यमुनेस ख्रिस्ती घरांत आसरा मिळाला, आणि कादंबरी तेथें संपली. पण त्या नव्या घरांत लाजेची जुनी रीत तिच्या मागोमाग आली नसेल काय? नांव बदललें, प्रार्थना बदलली. परंतु मुलीच्या शरीरावर पहारा ठेवण्याची संवय बदलली कीं नाहीं, याचें उत्तर पदमनजींना देतां आलें नसतें. तें त्यांच्यामागून आलेल्या मंडळ्यांनीं द्यावयाचें आहे.

२. दुसरी यमू

हरि नारायण आपटे (१८६४ ते १९१९) यांनीं १८९० सालीं "करमणूक" हें साप्ताहिक काढलें, आणि त्यांतून "पण लक्षांत कोण घेतो" ही कादंबरी क्रमशः छापली. पुस्तकरूपानें ती १८९३ सालीं निघाली. हिची नायिका यमू. ती आपली हकीकत आपल्याच तोंडानें सांगते: लहानपणचे खेळ, लग्न, सासर, आणि मुंबईस पतीच्या सहवासांत मिळालेले थोडे सुखाचे दिवस. पति तिला लिहावयावाचावयास उत्तेजन देणारा व तिच्याशीं माणसासारखें बोलणारा होता. तो अकालीं मरण पावतो, आणि मग यमूच्या इच्छेविरुद्ध, बळजबरीनें, तिचें केशवपन करण्यांत येतें. त्यानंतर ती फार दिवस जगत नाहीं.

केशवपन म्हणजे काय, हें आजच्या मुलांस समजावून सांगावें लागेल. पति मेला कीं स्त्रीचे केंस न्हाव्याकडून काढवीत, तिला आलवण नेसवीत, आणि शुभकार्यांत तिनें समोर येऊं नये असा दंडक असे. यास पावित्र्य हें नांव होतें. खोल पाहिलें तर त्या नांवाखालीं भीति होती. तरुण विधवेकडे कोणी पाहील, तिच्याही मनांत कांहीं येईल, मग घराण्याचें नांव जाईल; म्हणून तिला आधींच कुरूप करून टाकावें, असा तो विचार. पाहणाऱ्याचे डोळे मोकळे राहिले आणि शिक्षा मात्र जिच्याकडे पाहिलें तिच्या डोक्यास झाली.

येथें कोणी वाचक म्हणेल, "ही चाल ब्राह्मणांची व वरच्या म्हणविणाऱ्या जातींची. आमच्या वाडवडिलांत पाट होत असे, मोहतूर लागत असे. आमच्या बायांस कोणी बोडलें नाहीं." हें खरें आहे, आणि त्याबद्दल आपल्या पूर्वजांचे आभारच मानावे. परंतु दुसरीही एक गोष्ट खरी आहे. जी जात थोडी वर चढूं पाहते, ती प्रथम आपल्या बायकांस कोंडते. पुनर्विवाह बंद करणें, पडदा पाळणें हें कुलीनपणाचें लक्षण ठरतें. शिकून, नोकरी लागून, पक्कें घर बांधून आपणही प्रतिष्ठित झालों, तेव्हां प्रतिष्ठेबरोबर हा पहाराही आपण विकत घेतला काय, हें प्रत्येक घरानें पाहावें.

याच काळांत मुंबईस एक मोठी गोष्ट घडली. १८९० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें तेथील नाभिक बांधवांनीं एकत्र येऊन, विधवांचें केशवपन आम्ही करणार नाहीं, असा निश्चय केला. ज्यांच्या हातून हें काम होत होतें, त्यांनींच हात आंवरला. वाईट रीत नुसत्या जुन्या ग्रंथांवर चालत नाहीं, ती कोणाच्यातरी रोजच्या हातांनीं चालते. आणि तो हात थांबूं शकतो, हें यावरून मुलांस शिकवावें.

३. बुलढाण्याची ताराबाई

दोन्ही कादंबऱ्यांत एक गोष्ट सारखी आहे. यमुना निर्दोष, आणि यमूही निर्दोष. निर्दोष मुलीसाठीं आपले डोळे सहज भरून येतात. पण जी निर्दोष नाहीं तिचें काय? हा अवघड प्रश्न आपल्याच वऱ्हाडांतील एका बाईनें विचारला.

१८८१ सालीं सुरत येथें विजयालक्ष्मी नांवाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर, आपल्या नवजात मुलास मारल्याबद्दल खटला झाला. प्रथम तिला फांशीची शिक्षा सांगण्यांत आली. पुढें ती कमी करण्यांत आली. त्या निमित्तानें वर्तमानपत्रांतून बायकांच्या अनीतीविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. तें वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं लेखणी उचलली. त्यांचा "स्त्रीपुरुषतुलना" हा निबंध १८८२ सालीं पुण्यास छापला गेला. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्यास सरकारी कचेरींत नोकरीस होते, व सत्यशोधक समाजाशीं त्यांचा संबंध होता. निबंधावर टीका झाली, तेव्हां जोतीराव फुल्यांनीं १८८५ सालीं "सत्सार" मध्यें ताराबाईंची बाजू घेतली. या ताराबाईंनीं दुसरें पुस्तक लिहिल्याचें आढळत नाहीं, आणि त्यांचा निबंधही लोक विसरून गेले. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तो पुन्हां प्रसिद्ध केला, तेव्हां तो नव्या वाचकांच्या हातीं आला.

ताराबाईंचें म्हणणें थोडक्यांत असें: जे दोष स्त्रियांच्या माथीं मारतां, ते पुरुषांत नाहींत काय? विधवेस फसविणारा पुरुष कोठें असतो? तो उजळ माथ्यानें फिरतो, आणि पोटांतलें मूल घेऊन ती एकटी न्यायासनापुढें उभी राहते. त्या काळच्या कथा-नाटकांतूनही स्त्रियांचीं चित्रें खोटीं काढलीं जातात, अशी त्यांची तक्रार होती. पोथी सांगणाऱ्यासच नव्हे, तर कादंबरी लिहिणाऱ्यासही या बाईनें जाब विचारला.

मूल मारणें हा अपराधच. त्यास दुसरें नांव नाहीं. परंतु जी लाज आईला आपलेंच मूल मारावयास लावते, ती लाज कोणीं निर्माण केली, हा ताराबाईंचा प्रश्न तसाच उभा राहतो. फुले पतिपत्नींनीं १८६३ सालीं पुण्यास बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें, तें याच प्रश्नाचें कृतीनें दिलेलें उत्तर होतें. बाई, तूं ये, बाळंत हो, मूल जिवंत ठेव. तुझें नांव आम्ही कोणास विचारणार नाहीं.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायांत व्यभिचारांत धरलेल्या स्त्रीस लोक ओढून आणतात. हा भाग आपण पुष्कळदां वाचतों. पुढल्या खेपेस वर्गास इतकेंच विचारावें: दुसरा माणूस कोठें आहे? धरलें तेव्हां तोही तेथेंच असला पाहिजे. त्याला वाट कोणी दिली?

४. विटाळ म्हणजे काय?

विटाळाचा विचार करणारे लोक आपल्या मातींत फार पूर्वीं होऊन गेले. संत चोखामेळ्यांचा जन्म बुलढाणा जिल्ह्यांतील मेहुणा राजा येथें झाला, असें परंपरा सांगते. त्यांच्या पत्नी सोयराबाई यांनीं चौदाव्या शतकांत आपल्या अभंगांतून हाच प्रश्न केला आहे: ज्याला तुम्ही विटाळ म्हणतां त्यांतूनच प्रत्येक देह घडतो, मग सोंवळा देह जन्मला तरी कोठून? ज्यांना जातीनें अस्पृश्य ठरविलें, आणि स्त्री म्हणून महिन्यामहिन्यास पुन्हां अस्पृश्य ठरविलें, त्यांच्या मुखांतून निघालेला हा प्रश्न आहे.

आतां मार्काच्या पांचव्या अध्यायांतील दुसरा अर्धा भाग उघडावा. तेथें दोन गोष्टी एकमेकींत गुंफल्या आहेत. एक स्त्री बारा वर्षें रक्तस्रावानें पीडलेली आहे. याईराची मुलगी बारा वर्षांची आहे. ती मरणाच्या दारीं आहे. एकीच्या दुखण्याला जितकीं वर्षें झालीं, तितकेंच दुसरीचें वय. स्त्री लपतछपत मागून येते, कारण तिच्या स्पर्शानें दुसऱ्यास विटाळ होईल असें सर्व मानीत. प्रभु तिला लपूं देत नाहीं, पण रागेंही भरत नाहीं. सर्वांसमोर तिला मुलगी म्हणून हांक मारतो. मग तो याईराच्या घरीं जातो, मेलेल्या मुलीचा हात धरतो, आणि ती उठल्यावर तिला कांहीं खावयास द्यावें असें सांगतो. दोन्ही स्पर्श त्या काळच्या रीतीप्रमाणें विटाळाचे. त्यानंतर त्यानें शुद्धीकरण केल्याचें मार्कानें लिहिलेलें नाहीं.

कोणी लेवीय १५ दाखवील. तो अध्याय सुरुवातीपासून वाचावा. त्यांत प्रथम पुरुषाच्या स्रावाचे नियम आहेत, मग स्त्रीचे. पुरुषांचा अर्धा भाग आपण विसरलों आणि बायकांचा तेवढा जपून ठेवला. यांत शास्त्र किती आणि सोय किती, हें वर्गानें ठरवावें.

मुलींस शरीराची खरी माहितीही सांगावी, व ती बायबल-बाईनें किंवा परिचारिकेनें सांगावी. बहुधा दहा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान मासिक पाळी सुरू होते. गर्भाशयाच्या आंत दर महिन्यास एक अस्तर तयार होतें. गर्भ राहिला नाहीं तर तें रक्ताबरोबर बाहेर पडतें. यांत रोग नाहीं, पाप नाहीं. अपाय होतो तो लपवालपवीनें. लाजेपोटीं अंधाऱ्या कोपऱ्यांत वाळविलेलें कापड ओलसर राहतें व त्यापासून विकार होतात. तेंच स्वच्छ धुऊन उन्हांत वाळविलें तर निर्धोक असतें. ज्या गोष्टीला ऊन दाखवावयाचें, तिलाच आपण अंधारांत ठेवतों.

मुलांसही हें ऐकूं द्यावें. ज्या मुलास बहिणीच्या पाळीविषयीं आदरानें सांगितलें आहे, तो शाळेंत दुसऱ्या मुलीच्या डागाकडे बोट दाखवून हंसणार नाहीं.

५. नंतरच्या कथा व आजचा कायदा

१९३३ सालीं "कळ्यांचे निःश्वास" हा कथासंग्रह निघाला. लेखिकेचें नांव छापलें होतें विभावरी शिरूरकर; तें टोपणनांव होतें. खऱ्या लेखिका मालतीबाई बेडेकर (१९०५ ते २००१). शिकलेल्या, अविवाहित, मनांत इच्छा असूनही ती बोलण्याची मुभा नसलेल्या मुलींच्या या कथा होत्या. समाजांत मोठें वादळ उठलें. पदमनजी व आपटे यांनीं स्त्रीची दया यावी असें लिहिलें. येथें स्त्रीनें स्वतःच्या मनाविषयीं व शरीराविषयीं स्वतः लिहिलें, आणि लोकांस राग आला तो याचाच. पीडित स्त्री लोकांस सोसते. बोलणारी स्त्री सोसत नाहीं.

ही गोष्ट जुन्या काळापुरती नाहीं. लग्नाच्या रात्रीं नववधूच्या कौमार्याची परीक्षा घेण्याच्या चालीविरुद्ध २०१८ सालीं महाराष्ट्रांत कंजारभाट समाजांतील तरुणांनींच मोहीम केली, व आपल्या माणसांचा रोष पत्करला. फेब्रुवारी २०१९ मध्यें राज्याचे तत्कालीन गृहराज्यमंत्री, अकोल्याचे डॉ. रणजित पाटील यांनीं अशी परीक्षा हा लैंगिक अत्याचार मानला जाईल असें जाहीर केलें. डॉक्टरांकडून होणाऱ्या तशाच तपासणीस शास्त्राचा आधार नाहीं, हें वर्ध्याजवळील सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉ. इंद्रजित खांडेकर यांनीं चिकाटीनें मांडलें. जागतिक आरोग्य संघटनेनेंही २०१८ सालीं तेंच सांगितलें. अत्याचार झालेल्या स्त्रीची अशी तपासणी करणें हा तिच्या प्रतिष्ठेचा भंग आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं म्हटलें; आणि २०२२ सालीं, अशी तपासणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असा निर्णय दिला. शरीराच्या खुणेवरून शील ओळखतां येतें, ही समजूत न्यायालयानेंही टाकून दिली आहे. मग आपण ती उराशीं कां बाळगावी?

६. मंडळीनें काय करावें?

या पाठाचा अर्थ असा घेऊं नये कीं, शीलाची किंमत नाहीं. शील ही मोठी संपत्ति आहे. परंतु तें जाणून उमजून पाळावयाचें व्रत आहे. दुसऱ्यानें बाहेरून लावलेलें कुलूप नव्हे. यावरून तीन गोष्टी निघतात. जी मुलगी बळजबरीस बळी पडली, तिचें कांहींही गेलेलें नाहीं. तिनें शिक्षा तर नाहींच, क्षमाही मागण्याचें कारण नाहीं. जेथें दोघांचा दोष आहे, तेथें मंडळीची शिस्त दोघांस सारखीच लागावी. मुलीस सभेंतून उठविलें आणि मुलास भजनांत पेटी वाजवूं दिली, तर ती शिस्त नसून पक्षपात होय. आणि रंग, बांधा, उंची, चेहऱ्यावरील व्रण यांवरून मुलींची किंमत करणाऱ्या बोलण्यास मंडळीच्या अंगणांत जागा नसावी. सांवळेपणा हें त्वचेंतील रंगद्रव्याचें काम आहे. वऱ्हाडच्या उन्हांत तें अंगाचें रक्षण करतें.

वर्ग घेतांना कोणाच्याही घरचें उदाहरण देऊं नये व कोणा मुलीकडे पाहून बोलूं नये. मुली बोलल्या नाहींत तरी चालेल. कथा वाचून दाखवावी आणि थांबावें.

चर्चेकरितां प्रश्न

१. यमुना प्रवासास निघाली नसती तर तिला काय कळलें नसतें?

२. यमूचे केंस कोणाचे होते? ते काढण्याचा निर्णय कोणीं केला, आणि त्या वेळीं कोण कोण गप्प बसलें?

३. विजयालक्ष्मीच्या खटल्यांत कोण हजर नव्हता?

४. रक्तस्राव असलेल्या स्त्रीस प्रभूनें सर्वांसमोर कां बोलावलें असेल? आपल्या मंडळींत त्या दिवशीं ती आली असती, तर तिला कोठें बसविलें असतें?

५. मुलास व मुलीस लागू असलेले आपल्या घरांतील नियम दोन रकान्यांत लिहा. ते सारखे आहेत काय? नसल्यास, पहिला कोणता बदलतां येईल?

पांचव्या प्रश्नाचें उत्तर वर्गांत वाचून दाखवूं नये. प्रत्येकानें तें घरीं न्यावें, आणि आईबापांसह एकवार पाहावें.